गोळी एकच, खरेदी दोन: संरक्षण आणि गृह खात्यांना एका निवृत्त शिपायाचे खुले पत्र

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री, भारत सरकार
माननीय केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार
माननीय गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: लष्कर आणि पोलीस यांच्या संरक्षक साहित्याची आयात व खरेदी एकाच मानकाखाली आणि एकाच चाचणीखाली आणण्याबाबत.

महोदय,

सादर जय हिंद.

मी सातारा जिल्ह्यातला. आधी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, त्यातला बराच काळ राष्ट्रीय रायफल्सबरोबर काश्मीरमध्ये गेला. पेन्शनवर आल्यावर माजी सैनिकांच्या राखीव जागेतून महाराष्ट्र पोलिसांत भरती झालो आणि आता तिथूनही निवृत्त आहे. माझा पुतण्या राज्य राखीव पोलीस दलात आहे, गडचिरोलीतल्या एका पोलीस मदत केंद्रावर बंदोबस्त करून आला आहे. भाचा लष्करात आहे. दोन्ही वर्द्या मी घातल्या आणि दोन्ही वर्द्या आजही आमच्या घरात वाळत पडतात, म्हणून हे पत्र एका बाजूचे वकीलपत्र घेऊन लिहिलेले नाही.

जून २०२५मध्ये संरक्षण मंत्रालयाने दहशतवादविरोधी कारवायांसाठी लष्कराकरिता तातडीच्या खरेदीचे १३ करार केले, एकूण १,९८१.९० कोटी रुपयांचे. यादीत बुलेटप्रूफ जॅकेटे होती, हेल्मेट होती, रायफलवर बसवायच्या रात्रीच्या दुर्बिणी होत्या, तातडीने धावणाऱ्या चिलखती गाड्या होत्या, ड्रोन ओळखून पाडणारी यंत्रणा होती. निर्णय योग्यच होता. भाच्याच्या अंगावर चांगले जॅकेट येत असेल तर मला आनंदच आहे. पण ज्या जंगलांत हे साहित्य जाणार, त्याच जंगलांत जम्मू-काश्मीर पोलीसही लष्कराच्या बरोबरीने, कित्येकदा लष्कराच्या पुढे, शोधमोहिमेला जातात. त्याच वर्षी मार्चमध्ये कठुआच्या जंगलातल्या चकमकीत चार पोलीस शहीद झाले. लष्करासाठी एक वाट, पोलिसांसाठी दुसरी. मंत्रालय वेगळे, नियमपुस्तक वेगळे, चाचणी वेगळी. १ नोव्हेंबर २०२५पासून संरक्षण खात्याची नवी खरेदी नियमपुस्तिका लागू झाली, तीही संरक्षण खात्यापुरतीच. सुधारणा होतात त्या आपापल्या कुंपणाच्या आत. हे मला गप्प बसून बघवत नाही, म्हणून लिहितो आहे आणि सगळ्यांना वाचता यावे म्हणून उघडपणे लिहितो आहे.

ओंबळेसाहेबांपासून सुरुवात करतो, कारण आमच्या भागात हा विषय निघाला की त्यांचेच नाव आधी येते. तुकाराम ओंबळे जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. आधी लष्करात सिग्नल कोअरला, नंतर मुंबई पोलिसांत. त्यांनीही दोन्ही वर्द्या घातल्या होत्या. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात लाठी होती. समोर एके-४७. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. हाच माणूस लष्करात असताना शत्रूसमोर लाठी घेऊन उभा राहिला असता काय? लष्कराने त्याला तसे उभे केले असते काय? माणूस तोच होता, धैर्यही तेच होते, फक्त खाते बदलले होते.

२६ जानेवारी २००९ला अशोकचक्र जाहीर झाले. ओंबळे, हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे पोलीस आणि राष्ट्रीय सुरक्षा दलात लष्करातून गेलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन व हवालदार गजेंदर सिंह, सगळ्यांना तेच पदक, एकाच दिवशी. पदक देताना देशाने वर्दी बघितली नाही. जॅकेट देताना मात्र बघतो.

आता एकेक तक्रार मांडतो.

पहिली जॅकेटांची, आणि तीच सगळ्यात मोठी.

करकरेसाहेबांनी त्या रात्री अंगावर चढवलेले जॅकेट पुढे सापडलेच नाही. त्यांच्या पत्नी कविता करकरे यांना माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून त्याचा शोध घ्यावा लागला आणि ते गहाळ आहे असे उत्तर त्यांना मिळाले. एका शहीद अधिकाऱ्याच्या पत्नीवर ही वेळ यावी, याचे दुःख महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीसमोर पोलिसांच्या शस्त्रांचा, दारूगोळ्याचा, गोळीबाराच्या सरावाचा सगळा तुटवडा आला. एवढे झाल्यावर निदान महाराष्ट्रात तरी जॅकेटांचा प्रश्न कायमचा मिटायला हवा होता. पण २०१७मध्ये काय झाले? राज्य पोलिसांनी पाच हजार जॅकेटांची मागणी नोंदवली, त्यातली सुमारे ४,६०० आली आणि त्यातली १,४३० एके-४७च्या गोळीच्या चाचणीत नापास झाली म्हणून परत पाठवावी लागली, अशा बातम्या आल्या. परत पाठवली हे चांगलेच झाले. चाचणी घेणाऱ्यांचे मी आभार मानतो, कारण त्यांनी कित्येकांचे जीव वाचवले. पण २६ नोव्हेंबरला नऊ वर्षे होत आली तरी आपण जॅकेट मागवून, तपासून, परत पाठवण्याच्याच पायरीवर होतो.

लष्कराकडे सगळे आलबेल होते असेही नाही, आणि हे मी पोलीस म्हणून नव्हे, जुना जवान म्हणून सांगतो. आम्ही काश्मीरमध्ये डोक्याला पटका बांधायचो. पोलादी पत्रा घातलेला, अडीच किलोंच्या आसपास वजनाचा, कपाळ आणि मागची बाजू झाकणारा, डोक्याचा वरचा भाग उघडाच. संध्याकाळी काढला की मान धरलेली असायची. २००९मध्ये लष्कराला १,८६,१३८ जॅकेटे हवीत असे ठरले. त्यांचा ६३९ कोटींचा करार झाला तो एप्रिल २०१८मध्ये. मधल्या काळात २०१६ला ५० हजार जॅकेटे तात्पुरती सोय म्हणून घ्यावी लागली. कारगिलच्या वेळी घाईने जी खरेदी केली, तिचा मोठा भाग लढाई संपल्यावर येऊन पोचला, हे महालेखापालांनी आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे. म्हणजे उशीर दोन्ही घरांत आहे. फरक इतकाच, की लष्कराचा उशीर संसदेत गाजतो आणि पोलिसांचा उशीर जिल्ह्याच्या फायलीत पडून राहतो.

या सगळ्यात एक गोष्ट नीट झाली, ती मोकळेपणाने सांगतो. २०१८च्या डिसेंबरमध्ये भारतीय मानक ब्युरोने बुलेटप्रूफ जॅकेटांसाठी आयएस १७०५१ हे राष्ट्रीय मानक आणले. धोक्याच्या पातळ्या ठरल्या, कोणती गोळी किती अंतरावरून अडली पाहिजे हे ठरले. लष्कर, केंद्रीय दले, राज्य पोलीस यांना पहिल्यांदा एकाच भाषेत बोलता आले. करकरेसाहेब गेल्यावर दहा वर्षांनी का होईना, झाले. याचा अर्थ दोन खाती एका टेबलाशी बसू शकतात. मग इतर साहित्यासाठी का बसत नाहीत? गृह खात्याच्या दलांसाठी पोलीस संशोधन व विकास ब्युरो गुणवत्तेच्या गरजा ठरवतो, लष्कराचे मुख्यालय आपल्या वेगळ्या ठरवते, आणि राज्ये या दोहोंकडे बघत आपली निविदा लिहितात. एकाच घरात दोन चुली मांडल्या, की तिसऱ्याच्या ताटात काय पडेल याची खात्री कोणी द्यायची?

जॅकेटाच्या पोटातला माल कुठून येतो, हाही प्रश्न यातच आला. सिरॅमिकच्या पाट्या, पॉलिथिलीनचे मजबूत धागे, यांचा कच्चा माल बऱ्याच प्रमाणात आयात होतो आणि त्यात चीनचाही आहे. गलवाननंतर नीती आयोगाचे सदस्य व्ही. के. सारस्वत यांनीच या चिनी मालाचा फेरविचार करा, असे जाहीरपणे सांगितले होते. ज्याच्याशी सीमेवर उभे ठाकायचे त्याच्याच कारखान्यातला धागा छातीवर बांधायचा, हे सैनिकाच्या मनाला लागते. पण इथेही लष्कराची चौकशी वेगळी आणि पोलिसांची वेगळी. फेब्रुवारी २०२५मध्ये लष्कराने ४०० ड्रोनचे करार चिनी सुटे भाग असल्याच्या कारणावरून रद्द केले. माझा सरळ प्रश्न आहे: त्या तपासणीत जे आढळले ते राज्याराज्यांच्या पोलीस खरेदी अधिकाऱ्यांना कळवले गेले काय? आणि महाराष्ट्रात १,४३० जॅकेटे नापास झाली तेव्हा ती माहिती झारखंडच्या, ओडिशाच्या, छत्तीसगडच्या पोलिसांपर्यंत अधिकृतपणे पोचली काय? पोचली नसेल, तर एकाने नाकारलेला माल दुसऱ्याच्या अंगावर चढायला काय आडवे येते?

दुसरी तक्रार कार्बाइनची. ही गोष्ट जरा शस्त्राची आहे, पण सामान्य वाचकालाही कळेल.

घराच्या खोलीत, गल्लीत, जिन्यावर लढायला लांब रायफल अडते, आखूड हत्यार लागते. लष्कराने २०१०मध्ये ४४ हजारांवर कार्बाइनसाठी परदेशी कंपन्यांकडून निविदा मागवल्या. चाचण्या झाल्या, एकच कंपनी उरली, एकाच कंपनीकडून कसे घ्यायचे म्हणून अडले, आणि २०१६मध्ये ते रद्द झाले. पुढे ९३,८९५ कार्बाइन तातडीने घ्यायच्या ठरल्या, संयुक्त अरब अमिरातीची कंपनी निवडली गेली, आणि २०२०मध्ये तेही रद्द झाले. याच काळात गृह खात्याच्या दलांनी आपली खरेदी करून टाकली: सीमा सुरक्षा दलाने इटलीची बेरेटा, केंद्रीय राखीव पोलीस दलाने इस्रायलची एक्स-९५. आणि आपल्या पुण्यात, पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत, जेव्हीपीसी नावाची कार्बाइन तयार होऊन पडली होती. ती केंद्रीय राखीव दलाने घेतली, छत्तीसगडच्या पोलिसांनी घेतली, लष्कराने घेतली नाही.

लष्कराला ती का पटली नाही याची तांत्रिक कारणे असतील, आणि सैनिकाला न पटणारे हत्यार त्याच्यावर लादू नये हे मी स्वतः मानतो. माझी तक्रार वेगळी आहे. बेरेटाला ९ मिलिमीटरची गोळी, जेव्हीपीसीला ५.५६ची पण आखूड काडतुसाची, देशी इन्सास रायफलला ५.५६चीच पण लांब काडतुसाची. एका चकमकीत ही तीन दले एकत्र असली आणि एकाची काडतुसे संपली, तर शेजारचा जवान त्याला आपले मॅगझिन देऊ शकत नाही. ज्याने चकमकीत काडतुसे मोजली आहेत त्याला याचा अर्थ मी सांगायला नको. देशाने चार ठिकाणी पैसे दिले, चार ठिकाणचे सुटे भाग जमवले, चार प्रकारचे शस्त्रकारागीर शिकवले. २०२२मध्ये चार लाखांहून अधिक कार्बाइन देशातच बनवून घ्यायला मंजुरी मिळाली, याचे स्वागत आहे. पण हा विचार दोन्ही खात्यांनी मिळून २०१०लाच केला असता, तर कारखाने केव्हाच उभे राहिले असते.

तिसरी तक्रार गाड्यांची. ती लिहिताना हात जड होतो.

१ मे २०१९. महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यातल्या दादापूरला माओवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली होती. शीघ्र कृती पथकाचे जवान तिकडे निघाले, खासगी गाडीतून. जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने ती गाडी उडवली. पंधरा पोलीस आणि गाडीचा चालक, सगळे गेले. राज्य स्थापनेचे झेंडावंदन सकाळीच झाले होते. खासगी गाडी का, पायी का नाही, रस्ता आधी तपासला का नाही, यावर तेव्हा खूप बोलले गेले. मी त्यात भर घालत नाही. मी फक्त गाडीबद्दल बोलतो.

सुरुंग सोसणारी गाडी आपल्या देशाला नवी नाही. दक्षिण आफ्रिकेची कॅस्पिर लष्कराने काश्मीरसाठी आयात केली होती. पुढे मेडकच्या आयुध निर्माणीत तशीच गाडी बनू लागली आणि नक्षलग्रस्त भागात पोलिसांना मिळाली. पण माओवाद्यांनी सुरुंगातली दारू वाढवली आणि त्या गाड्याही उडू लागल्या. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे तेव्हाचे महासंचालक के. विजय कुमार यांनी तर या गाड्यांना उघडपणे शवपेटीची उपमा दिली होती. तेव्हापासून जवान पायीच चालतात. गडचिरोलीत सी-६० या नक्षलविरोधी पथकाचे जवान रात्र रात्र जंगल तुडवतात. पुतण्या सांगतो, गाडीत बसायचे म्हटले की पोटात गोळा येतो, चालताना निदान पाय आपल्या ताब्यात असतात.

आणि फेब्रुवारी २०२१मध्ये पुण्याच्याच भारत फोर्ज कंपनीला कल्याणी एम-४ गाड्यांची १७७.९५ कोटींची मागणी मिळाली. मूळ आराखडा दक्षिण आफ्रिकेतला, बांधणी आपली, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ५० किलो टीएनटीचा स्फोट सोसणारी. ही मागणी तातडीच्या खरेदीतून, लष्करासाठी. तेव्हा चीनच्या सीमेवर प्रसंग होता, तिथे त्या लागणारच होत्या. पण पुण्याहून लडाखला गाडी पाठवायला तातडीचे अधिकार होते आणि त्याच राज्यातल्या गडचिरोलीला पाठवायला तसे अधिकार कोणालाच नव्हते, हे मला खटकते. उरी झाले, बालाकोट झाले, गलवान झाले, दर वेळी तिन्ही सेनादलांना तातडीने खरेदी करण्याची मुभा मिळाली. २००९मध्ये गडचिरोलीत मरकेगावला १५, हत्तीगोट्याला १६, लाहेरीला १७ पोलीस एकाच वर्षात गेले. त्या वर्षी कोणत्या पोलीस अधीक्षकाला कोणती तातडीची खरेदी करता आली?

पुतण्याच्या जॅकेटाचेही इथेच सांगतो. त्याच्या मदत केंद्रावर जॅकेटे होती, पण माणसामाणसात फिरवलेली. जो गस्तीला निघेल त्याने चढवायचे, आला की काढून ठेवायचे. माप ठरलेले नाही. पाटी कधी बनली, कधीपर्यंत चालेल, ते शिवलेल्या पट्टीवरचे छापील पुसून गेलेले. घामाने आणि पावसाने भिजलेले, खाली आपटलेले जॅकेट आतून शाबूत आहे की नाही हे बघण्याची सोय मदत केंद्रावर नाही. लष्करात आमच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, प्रत्येक हत्याराचा क्रमांक, तपासणीची तारीख, सही, सगळे वहीत असायचे आणि संध्याकाळी एक काडतूस कमी निघाले तर सगळी कंपनी उभी राहायची. तीच शिस्त एका जॅकेटासाठी पोलिसांत आणायला परदेशातून काही मागवावे लागत नाही.

चौथी गोष्ट थोडक्यात. दोन खात्यांची ओढाताण साहित्यापुरती नाही. आसाम रायफल्सकडे बघा: प्रशासन आणि पैसा गृह खात्याचा, लढण्याचा हुकूम लष्कराचा. जानेवारी २०१३मध्ये सुकम्यात हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर गोळ्या लागल्या, ते जंगलात उतरवावे लागले, हवाई दलाचे कर्मचारी निघून आले आणि जखमी पोलीस आतच राहिला. त्यावरून दोन मंत्रालयांत जो वाद झाला तो देशाने वाचला. लष्कराने आपल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या नक्षीची मालकी २०२२मध्ये नोंदवून घेतली, पोलिसांनी आणि इतरांनी ती वापरू नये म्हणून. त्यामागची अडचण मी समजतो, दंगलीत लाठी चालवणारा पोलीस लोकांना सैनिक वाटू नये हे बरोबर आहे. पण कापडाच्या नक्षीसाठी जी तत्परता दाखवता येते, ती कापडाच्या आतल्या पाटीसाठीही दाखवता येईल.

यावर मला दोन उत्तरे मिळतील, ती मी पोलिसांत असतानाही ऐकली आहेत.

एक, पोलीस हा राज्यांचा विषय आहे, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तसे लिहिले आहे. बरोबर आहे. पण परदेशातून शस्त्र किंवा तसे साहित्य आणायचे तर परवानगी केंद्राचीच लागते. पोलीस आधुनिकीकरणाची योजना १९६९-७०पासून केंद्राच्या पैशावर चालते. २०२१-२२ ते २०२५-२६साठी त्या छत्राखाली २६,२७५ कोटी रुपये मंजूर झाले आणि महाराष्ट्रासारख्या राज्याला त्यातून मिळणाऱ्या मदतीत ६० टक्के वाटा केंद्राचा. परवानगी देताना आणि पैसा देताना केंद्र आहे, मग मानक ठरवताना विषय राज्याचा कसा होतो?

दोन, लष्कराच्या आणि पोलिसांच्या गरजा वेगळ्या आहेत. तोफांच्या बाबतीत आहेत, रणगाड्यांच्या बाबतीत आहेत. सियाचिनमधल्या कपड्यांची गरज मुंबईच्या पोलिसाला नाही, मान्य. पण त्याच उंचीवर इंडो-तिबेट सीमा पोलीसही उभे असतात, हे विसरू नका. आणि एके-४७ची गोळी कुपवाड्यात, कठुआत, भामरागडात आणि सीएसटीच्या फलाटावर एकाच वेगाने येते. जॅकेट, हेल्मेट, बॉम्ब निकामी करणाऱ्याचा सूट, रात्रीची दुर्बीण, सुरुंग सोसणारी गाडी, ड्रोन अडवणारे यंत्र, एवढ्याच गोष्टींबद्दल मी बोलतो आहे.

काही जण असेही म्हणतील की आता गडचिरोली शांत होत आहे, ऑक्टोबर २०२५मध्ये भूपतीसारख्या मोठ्या माओवादी नेत्याने साथीदारांसह तिथेच शस्त्रे ठेवली, माओवाद संपवायला ३१ मार्च २०२६ची मुदतही केंद्राने जाहीर केली, मग आता हे कशाला? मी म्हणतो, आताच. दररोज अंत्यसंस्कार चालू असताना कोणी मानके लिहीत बसत नाही. आधुनिकीकरण योजनेचा टप्पा २०२५-२६पर्यंतचा होता, पुढच्या टप्प्याची आखणी होताना या गोष्टी त्यात घालता येतात.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहितो.

संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांची, राज्यांच्या प्रतिनिधींसह, एक स्थायी समिती नेमा आणि वर सांगितलेल्या प्रत्येक साहित्यासाठी, आयएस १७०५१सारखे, एकच राष्ट्रीय मानक मुदत घालून ठरवा. ज्यांचे मानक ठरलेले आहे ते सर्व दलांना सक्तीचे करा.

आयात झालेल्या किंवा आयात मालातून बनलेल्या प्रत्येक खेपेच्या चाचणीचा निकाल एका सामाईक नोंदवहीत यावा आणि तो देशातल्या प्रत्येक पोलीस महासंचालकाला व लष्कराच्या खरेदी शाखेला बघता यावा. एका दलाने नाकारलेली खेप, चिनी भाग सापडलेले यंत्र, ही माहिती त्याच आठवड्यात सगळ्यांना कळावी.

जिथे लष्कर आणि पोलीस एकत्र कारवाई करतात तिथे तातडीच्या खरेदीची मंजुरी देताना पोलिसांचा वाटा त्याच मंजुरीत धरा, त्याच करारात, त्याच दराने. राज्यांना अशा करारात सामील होण्याची मुभा द्या, सक्ती नको.

महाराष्ट्र शासनाने गडचिरोली आणि गोंदियासाठी सुरुंग सोसणाऱ्या आधुनिक गाड्यांचा प्रस्ताव केंद्राकडे पाठवावा, आणि नव्या गाड्या येईपर्यंत लष्कराने आपल्याकडच्या काही गाड्या चालकांच्या प्रशिक्षणासह वापरायला द्याव्यात.

राज्यातल्या प्रत्येक जॅकेटाची आणि हेल्मेटची नोंद व्हावी: बनल्याची तारीख, मुदत, शेवटची तपासणी. मुदत संपलेले साहित्य त्या दिवशी वापरातून काढावे. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून काही नमुने काढून त्यांच्यावर प्रत्यक्ष गोळी झाडून चाचणी घ्यावी आणि तिचा निकाल विधानसभेच्या पटलावर ठेवावा. कोणत्या चौकीत किती साहित्य आहे हे गुप्त ठेवा, ते बरोबरच आहे. किती नापास झाले, हे गुप्त ठेवण्याचे कारण नाही.

आणि गडचिरोलीत, किंवा कुठेही, गस्तीला निघणाऱ्या प्रत्येक शिपायाला त्याच्या मापाचे, त्याच्या नावावर चढवलेले जॅकेट मिळावे.

यापैकी कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, याचे उत्तर तिन्ही कार्यालयांनी जाहीरपणे द्यावे, ही विनंती. केंद्राने ते संसदेत द्यावे, राज्याने विधिमंडळात. जांभुळखेड्याच्या पंधरा पोलिसांच्या आणि त्या चालकाच्या घरच्यांना त्या उत्तराची प्रत आधी पाठवावी.

आपला,
एक निवृत्त जवान आणि निवृत्त पोलीस शिपाई
सातारा जिल्हा